धारवाडहून परत कोठे? : मनोरुग्णांच्या निवाऱ्याचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली, तेव्हा आपल्याकडे हमखास रंगणारे विषय समोर होतेच. टिळकवाडीत उभे राहून इतिहासावर बोलायचे, तर १९२४ चे काँग्रेस अधिवेशन आहे, १९१६ सालची लोकमान्यांची बेळगावभेट आहे, सीमाप्रश्न तर आहेच. यांपैकी एकही मी घेतला नाही. घरोघर ठाऊक असून चारचौघांत ज्याचा उच्चार होत नाही असा एक प्रश्न मी निवडला आहे. तीव्र मानसिक आजार जडलेल्या माणसाने राहायचे कोठे? औषधोपचाराचा इतिहास सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी पाहणार आहे तो केवळ निवाऱ्याचा इतिहास. तो पाहू लागलो तेव्हा जाणवले की त्यात वैद्य, न्यायाधीश आणि सरकार यांच्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, निर्णायक भूमिका एका उपेक्षित पात्राची आहे. ते पात्र म्हणजे घरमालक.

जुन्या कागदपत्रांत 'वेडा', 'वेड्यांचे इस्पितळ' असे शब्द येतात. आज ते आपण वापरत नाही, ते योग्यच आहे. पण इतिहास सांगताना त्यांना सर्वस्वी टाळता येणार नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

आपल्या भागातला पहिला निवारा म्हणजे घरच. वाड्याच्या परसदारची खोली, माळ्यावरचा अंधारा कोपरा, शेतावरची खोप. एकत्र कुटुंबात असा एखादा काका, एखादी आत्या असे. तो दिवसभर ओसरीवर बसून राही, सणावारी त्याला नवा सदरा मिळे, मुले त्याची थट्टा करीत आणि त्याच्याच हातून पतंगही करून घेत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते तितकेसे मान्य नाही. त्याच परसदारच्या खोलीला बाहेरून कडी असे, कधी पायात साखळीही असे. बाईमाणसाच्या वाट्याला तर याहून कठीण येई. सासरने पाठवणी केली आणि माहेरी भावाचा संसार वाढलेला, म्हणजे दोन्ही घरे असून ती बेघर. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मनोविकृती हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून मान्य केले. त्याआधीही नवरे बायकोला टाकत होतेच, त्याला कायद्याची गरज नव्हती.

तरीही घराने जे केले ते लहान नव्हते. निपाणीच्या बाजूला विडीकाम घरबसल्या चालते. सुपात पान-तंबाखू घेऊन दारात बसलेली आई विड्याही वळते आणि आत निजून असलेल्या तरण्या मुलावर नजरही ठेवते. हे राखणीचे काम कोणाच्याही हजेरीपटावर चढत नाही. कुटुंब रुग्णाला सांभाळते असे आपण सहज म्हणून जातो. त्या वाक्यातले 'कुटुंब' बहुतेक वेळा एकच बाई असते आणि ती म्हातारी होत चाललेली असते.

घराला जडले नाही की देवस्थान. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी, भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर. रुग्णाला 'वाडीला सेवेला ठेवणे' हा आपल्या बोलण्यातला प्रयोगच आहे. तेथे धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत महिनोन् महिने राहायचे, पहाटे स्नान, मग प्रदक्षिणा, दुपारी प्रसाद, रात्री पालखी. याने आजार बरा होतो असा दावा मी करणार नाही. परंतु निवाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात तीन गोष्टी होत्या : डोक्यावर छप्पर, दिवसाला एक ठरलेला क्रम आणि बरोबर राहणारे आपले माणूस. या तिन्ही गोष्टी सरकारी इस्पितळाने एकत्र क्वचितच दिल्या.

ते इस्पितळ आपल्यासाठी धारवाडचे. १८४५ साली तेथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढे १८८६ मध्ये रत्नागिरीस आणि १९०१ मध्ये ठाण्यास अशी इस्पितळे झाली. पुण्याचा माणूस थट्टेत 'येरवड्याला पाठवा' म्हणतो, तसे बेळगावकर 'धारवाडला पाठवा' म्हणतो. गावाचे नावच आजाराचा पर्याय व्हावे, याचे त्या बिचाऱ्या गावांना काय वाटत असेल कोण जाणे.

१८५८ चा कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९१२ चा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' हे या इस्पितळांचे पाया होते. मोकाट फिरणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यावा, ही आत जाण्याची वाट. बाहेर येण्याच्या वाटेकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. नातेवाइकाने यावे, नीट सांभाळीन असे लिहून द्यावे आणि रुग्णाला घेऊन जावे, अशी तरतूद होती. कागदावर ती उदारच दिसते. व्यवहारात तिचा अर्थ असा झाला की माणूस बरा झाला तरी सुटकेची किल्ली डॉक्टरच्या खिशात नसून गावाकडच्या भावाच्या खिशात राहिली. भाऊ आला नाही तर? पत्ता चुकीचा निघाला तर? आई वारली, घराची वाटणी झाली, खोली भाड्याने गेली, तर? कायद्याजवळ याला उत्तर नव्हते. असा माणूस मग वॉर्डातच म्हातारा होई.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच्या राजकारणात आज शिरत नाही. आपल्या विषयापुरती एकच गोष्ट सांगतो. कागल आणि निपाणी यांच्यात वीसेक किलोमीटरचे अंतर आहे. कागलच्या रुग्णाची सरकारी वाट रत्नागिरीकडे जाते, निपाणीच्या रुग्णाची धारवाडकडे. मराठीखेरीज दुसरी भाषा न येणारी एखादी वृद्ध स्त्री जेथे कारभार कन्नडात चालतो तेथे राहिली, किंवा कन्नड बोलणारी सोलापूर जिल्ह्यातली स्त्री मराठी वॉर्डात राहिली, तर तिचे मुकेपण आजाराचे की भाषेचे, हे ओळखणे अवघड होते. डॉक्टर आणि परिचारिका आपल्या परीने निभावून नेतात. पण घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत. ज्या भाषेत स्वप्नात बडबडतो त्या भाषेत कोणी 'चहा घेणार का?' असे विचारावे, हाही घराचाच भाग आहे. सीमाभागातल्या कोणत्याही निवाऱ्याची योजना करणाऱ्याने ही बाब पहिल्या पानावर लिहून ठेवावी, असे माझे मत आहे.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात मनोरुग्णांसाठी देशात साधारण चाळीस हजार लोकसंख्येमागे एक खाट असल्याची नोंद आहे. म्हणजे इस्पितळाच्या काळातही बहुतेक रुग्ण इस्पितळाबाहेरच होते. आपण मनोरुग्णालयांवर इतके बोलतो की ही साधी गोष्ट विसरतो.

१९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले आणि जगभर चित्र पालटले. वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे बोलू-चालू लागली. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. १९६३ मध्ये केनेडींच्या सहीने कायदा झाला, इस्पितळे रिकामी करायची आणि गावोगावी मानसोपचार केंद्रे काढायची असे ठरले. इस्पितळे रिकामी झाली, केंद्रे मात्र ठरल्याप्रमाणे झाली नाहीत आणि घरांचा विचार तर फारसा कोणी केलाच नव्हता. बरीच माणसे रस्त्यावर आली, कित्येक तुरुंगात गेली. इटलीत फ्रांको बासाग्लिया या डॉक्टरने त्रिएस्ते शहरातले मनोरुग्णालय मोडीत काढले ते अधिक विचाराने. रुग्णांसाठी शहरात सदनिका घेतल्या, त्यांच्या कामाच्या सहकारी संस्था काढल्या, आणि मग १९७८ चा कायदा आला. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेंबेरिस यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. 'आधी उपचार घे, सुधारून दाखव, मग घर देतो' हा क्रम त्यांनी उलटा केला आणि आधी घर दिले.

या सर्वांहून जुने उदाहरण बेल्जियममधल्या खेल या गावाचे. तेथे संत डिम्फनाच्या स्थानी मध्ययुगापासून मनोरुग्णांना आणत. आपल्या वाडी-गाणगापूरसारखेच समजा. यात्रेकरूंना चर्चच्या आवारात जागा पुरेना, तेव्हा गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेऊ लागले. मग ती गावाची रीतच झाली. पुढे सरकारने त्या रीतीला व्यवस्थेचे रूप दिले. यजमान कुटुंबाला मोबदला मिळतो, डॉक्टर आणि परिचारिका घरी येऊन जातात. १९३० नंतरच्या दशकात साडेतीन हजारांवर रुग्ण त्या गावातल्या कुटुंबांत राहत होते. आज ती संख्या फार घटली आहे, पण प्रथा मोडलेली नाही. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. रुग्णाला सांभाळणारे हे लोक त्याचे नातेवाईक नव्हते. रक्ताचे नाते नाही म्हणून त्यांच्यावर लाजेचे ओझे नव्हते, आणि पैसे मिळत असल्याने उपकाराचाही भाव नव्हता. देवस्थान आपल्याकडेही होते, गर्दीही होती, भाड्याच्या खोल्याही होत्या. खेलसारखी व्यवस्था मात्र आपल्या क्षेत्री उभी राहिली नाही. त्यामागची कारणे एखाद्या तरुण अभ्यासकाने जरूर शोधावीत.

भारतात पहिला वेगळा प्रयोग केला तो अमृतसरच्या मनोरुग्णालयातील डॉ. विद्यासागर यांनी, १९५० नंतरच्या दशकात. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबूंत राहू दिले. आपले माणूस बरे होताना डोळ्यांनी पाहिलेले कुटुंब त्याला परत नेण्यास कचरत नाही, हे त्यातून दिसले. बंगलोरला १९६४ मध्ये मेडिको पास्टोरल असोसिएशन निघाली आणि इस्पितळ व घर यांच्या मधला मुक्काम, म्हणजे 'हाफ-वे होम', ही कल्पना तिने आपल्या देशात रुजवली. अशा घरात काही महिने राहायचे, स्वयंपाक, हिशेब, वेळेवर उठणे पुन्हा शिकायचे, मग आपल्या घरी जायचे. अडचण एवढीच की अर्ध्या वाटेवरचे घर म्हटले की उरलेल्या वाटेच्या टोकाला एक घर असावे लागते.

मराठी मुलखात या प्रश्नाला वाचा फोडली ती मुख्यतः कुटुंबीयांनी. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव गाठीशी असलेल्या या गृहस्थांनी १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' काढली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ सालचा. त्याच्या निर्मितीमागेही वाणींचा हात होता. भाऊ आजारी आहे आणि बहिणीचा स्वतःचा संसार आहे, ही त्यातली ओढाताण ज्यांनी पाहिली त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. आई-वडिलांच्या स्वमदत गटांत कोठेही जा, प्रश्न एकच असतो : आमच्यामागे याचे काय?

दुसरीकडे रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी झटणारी माणसे उभी राहिली. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचे 'श्रद्धा' हे काम १९८८ पासूनचे. कर्जतच्या केंद्रात रुग्णाला बरे करायचे, त्याचे गाव शोधायचे आणि घरी पोहोचवायचे. २०१८ मध्ये भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी 'माउली' उभी केली. या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. तरी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक भेद नोंदवला पाहिजे. एक वाट रुग्णाला कुटुंबाकडे नेते आणि दुसरी आश्रमाकडे. ज्याला कुटुंब परत घेत नाही, पण ज्याला आयुष्यभर आश्रमात राहण्याचीही गरज नाही, असा माणूस या दोहोंच्या मध्ये उरतो. आज भाजी कोणती करायची, दिवा किती वाजता मालवायचा, हे स्वतः ठरवण्याइतका तो बरा आहे. तीनशे माणसांच्या पंगतीत हे ठरवता येत नाही, मग पंगत कितीही मायेने वाढलेली असो.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आधाराने चाललेल्या एका खाजगी निवाऱ्यात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. साखळीचा प्रश्न देशापुढे आला, निवाऱ्याचा प्रश्न मात्र मागेच राहिला. २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. समाजात राहण्याचा हक्क हे त्याचे एक कलम आहे. त्याला धरून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. त्याचे एकोणिसावे कलम प्रत्येकाने वाचावे असे आहे. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते सांगते आणि अशी सोय उभी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. १९१२ च्या कायद्याने जी किल्ली भावाच्या खिशात ठेवली होती, ती शंभराहून अधिक वर्षांनी काढून घेतली गेली.

पण किल्ली काढून घेतल्याने घर मिळत नाही. २०१९ मध्ये देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथील एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ आतच होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले, की बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविण्याची पद्धत बंद करा. इस्पितळाचा आकडा कमी झाला, माणूस तसाच राहिला.

याला खरे उत्तर ज्या प्रयोगाने दिले तो सावकाश सांगितला पाहिजे. १९९३ साली चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी 'द बॅनियन' ही संस्था काढली. उपचार झाले, पुष्कळ जणी घरी गेल्या, पण काही वर्षानुवर्षे संस्थेतच राहिल्या. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये 'होम अगेन' सुरू झाले. वस्तीतले साधे घर भाड्याने घ्यायचे. त्यात चार-पाच जणींनी राहायचे, एकमेकींशी जुळते अशाच शक्यतो. सोबतीला एक कार्यकर्ती. ती पहारेकरी नव्हे आणि परिचारिकाही नव्हे. ती गोळ्यांची आठवण करते, बँकेत बरोबर जाते, भांडण झाले तर समेट घडवते. घरावर पाटी नाही, फाटकाला कुलूप नाही. सकाळी कोणी कामाला जाते, कोणी अंगणात तुळशीला पाणी घालते, कोणी दिवसभर काहीच करत नाही आणि तेही चालते. मुदत नसते. अर्ध्या वाटेवरचा मुक्काम नव्हे, हेच घर. इंग्रजीतून आलेल्या 'सपोर्टेड हाउसिंग' या शब्दांसाठी मराठीत मला 'सोबतीचे घर' असे म्हणावेसे वाटते.

ही घरे केरळ आणि आसामातही निघाली आणि आपल्या शेजारी रत्नागिरीतही निघाली. १८८६ च्या त्या मनोरुग्णालयातल्या माणसांना गावात भाड्याचे घर मिळाले. कोकणातल्या एका जिल्ह्याच्या गावी हे जमले, याचे महत्त्व मी चेन्नईच्या प्रयोगाहून अधिक मानतो.

आपल्याकडे काय आहे? धारवाडच्या इस्पितळाची २००९ मध्ये मोठी शैक्षणिक संस्था झाली. कर्नाटकात 'मनोचैतन्य' योजनेतून तालुक्याच्या इस्पितळात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. 'मानसधारा' नावाची दिवसाची केंद्रे आहेत. बल्लारी जिल्ह्यात १९८० नंतर झालेल्या प्रयोगावरूनच तर देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये निघाला. तेव्हा कर्नाटकाला या बाबतीत मागासलेले म्हणता येणार नाही. परंतु दिवसाचे केंद्र संध्याकाळी बंद होते. त्यानंतर कोठे जायचे, हाच तर आपला आजचा विषय.

टिळकवाडीत, खानापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जुने बंगले अजून आहेत. मुले पुण्यात, बंगलोरात, परदेशात. आई-वडील गेल्यावर घराला कुलूप, किंवा मागच्या खोलीत एखादा राखणदार. या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींच्या नावावर अशी घरे असतील. सोबतीचे घर उभे राहताना अडते ते बहुधा याच पायरीवर. भाडे वेळेवर येते, अनामत रक्कम मिळते, करार संस्थेच्या नावावर होतो, तरी 'कोण राहणार?' हे कळले की बोलणे थांबते. नकाराचे कारण घरमालक आजाराचे सांगत नाही. पाहुणे येणार आहेत, रंग काढायचा आहे, शेजारी काय म्हणतील, असे काही सांगतो. शेजाऱ्याला विचारावे तर तो म्हणतो, आमची काही हरकत नाही, पण घरात मुलीबाळी आहेत. मनोरुग्णाकडून इतरांना होणाऱ्या इजेपेक्षा त्यालाच इतरांकडून इजा होण्याचा संभव अधिक असतो, हे अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. पण भाड्याच्या बोलणीत अभ्यास कोणी ऐकत नाही.

म्हणून अशा घरांचे करार कसे असतात, ते सांगून थांबतो. भाडेकरू ही संस्था असते, राहणारी व्यक्ती नव्हे. त्यामुळे भाडे थकले किंवा मोडतोड झाली तर घरमालकाने संस्थेकडे बोट दाखवायचे. करार सामान्यतः अकरा महिन्यांचा, नूतनीकरणाचा. रात्री-अपरात्री फोन करायचा क्रमांक घरमालकाला आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना दिलेला असतो. घर शक्यतो तळमजल्यावर, बसथांब्याच्या आणि वाणसामानाच्या दुकानाच्या जवळ, दोन निजायच्या खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बसायला थोडीशी पुढची जागा. कराराबरोबर किल्ल्यांचे दोन जोड घेतले जातात. एक सोबतीणीकडे राहतो आणि दुसरा घरात राहणाऱ्यांकडे.